टेबलाच्या पायाखालचं ‘नाही’

मित्रांनो, मी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. माझं झाकण वाकडं झालंय, रंग उडालाय आणि स्वभावाने मी खुनशी आहे. आधीच सांगून टाकलं, म्हणजे पुढे कुणी दचकायला नको.

जन्मापासून मी असा नव्हतो. बिस्किटं संपल्यावर ताईने मला धुतलं, पुसलं आणि माझ्या पोटात चित्रांचे पत्ते भरले. ताई म्हणजे वाचोपचार करणारी. मेंदूला झटका बसून ज्यांची वाचा अडकते, त्यांच्या घरी ती जाते आणि शब्द पुन्हा सापडायला मदत करते. तिची तान्ही लेक झोपली की ती पुठ्ठे कापायची, रंगवायची. कप, किल्ली, खिडकी, दुखतंय, भूक लागली. ‘हो’च्या पत्त्यावर हसरा चेहरा, ‘नाही’च्या पत्त्यावर आडवा लाल हात. सूर्याच्या पत्त्याच्या कोपऱ्यावर बारीक दातांच्या खुणा आहेत. त्या दिवशी लेक लवकर उठली होती.

काय दिवस होते ते! एका बसचालक आजोबांनी माझ्यातली ‘खिडकी’ उचलून आजींना दाखवली. आजींनी उठून खिडकी उघडली आणि दोघंही रडायला लागले. त्या घरात मला डबा कुणी म्हणायचं नाही. शब्दांची पेटी म्हणायचे.

मग ताईने मला वहिनींच्या घरी ठेवलं.

वहिनींचं खाली शिवणाचं दुकान, वर घर. झटक्याने त्यांचा उजवा हात लुळा पडला आणि सगळे शब्द आत अडकले. बाहेर यायचा तो एकच, ‘हो’. पाणी हवं असलं तरी हो, नको असलं तरी हो. घरात दुसरं माणूस म्हणजे त्यांचा दीर.

ताईने पहिल्याच दिवशी त्याला समोर बसवलं. “भाऊजी, यांना सगळं कळतं. फक्त तोंडातून ‘हो’ निघतं, ते खरं धरू नका. प्रश्न आधी सरळ विचारा, मग उलटा विचारा. मग थांबा आणि यांचं बोट कुठल्या पत्त्यावर जातं ते बघा.”

“थांबायचं किती?”

“त्यांना लागेल तितकं.”

“मग झालंच म्हणायचं,” असं म्हणून भाऊजी हसला.

ताईची पाठ वळली की तो शेजाऱ्यांसमोर विचारायचा, “काय वहिनी, तुम्ही राजाची राणी ना?” वहिनी म्हणायच्या, “हो.” शेजारी तोंड लपवून हसायचे. मित्रांनो, वहिनींचे डोळे मी तेव्हा पाहिलेत. तिथून माझा स्वभाव बिघडला.

पुढे त्याने माझ्यावर गरम किटली ठेवायला सुरुवात केली. वरचा उडालेला रंग तो तिथलाच. आणि एके दिवशी, जेवणाचं टेबल डुगडुगतं म्हणून त्याने माझ्यात हात घातला, हाताला आलेला पत्ता चौघडी दुमडला आणि टेबलाच्या आखूड पायाखाली सारला. तो पत्ता ‘नाही’चा होता. वहिनी समोरच बसल्या होत्या. “बघा, आता कसं घट्ट बसलं!” भाऊजी म्हणाला. वहिनी म्हणाल्या, “हो.”

पुढच्या वेळी ताईने नवा ‘नाही’ करून आणला. वहिनींनी तो डाव्या हाताने बाजूला सारला. पुन्हा पुढे केला, पुन्हा सारला. मला वाटलं, बाई हट्टाला पेटली. मग लक्षात आलं, जेवताना त्यांची नजर खाली, त्या पायाकडे जाते. त्यांना तोच हवा होता. त्या दिवसापासून आम्ही दोघं एका कटात आहोत असं मी मानलं. दोघांनाही बोलता येत नव्हतं, त्यामुळे गुपित फुटायची भीती नव्हती.

आणि तो दिवस आला. ताई शिकवत असतानाच भाऊजी एका माणसाला वर घेऊन आला. त्याला वहिनींचं शिलाई मशीन हवं होतं. ते मशीन वहिनींनी इतकी वर्षं चालवलेलं, त्यांच्या पावलांच्या आकारात पायडल झिजलेलं. ते गेलं की दुकान गेलं. भाऊजीने तिघांसाठी कप भरले. वहिनींसाठी नाही.

“यांच्या तोंडूनच ऐका, म्हणजे मागून कटकट नको,” तो पाहुण्याला म्हणाला. “वहिनी, मशीन देऊन टाकायचं ना?”

“हो.”

“झालं!”

“थांबा,” ताई म्हणाली. “आता उलटं विचारा.”

भाऊजीने डोळे फिरवले. “बरं. मशीन ठेवायचं ना?”

“हो.”

“बघा! डोकंच ठिकाणावर नाही, तिला काय विचारता?”

ताईने ओठ घट्ट मिटले आणि ती थांबली. पाहुणाही थांबला. वहिनी हळूहळू वाकल्या. खुर्ची करकरली. डावा हात टेबलाखाली गेला, बोटांच्या चिमटीत दुमडलेला पत्ता धरला आणि एक हिसका दिला.

टेबल कलंडलं. किटली घरंगळली ती थेट भाऊजीच्या मांडीवर. तो उडी मारून उठला आणि खोलीभर नाचला. चहा गरम होता, उकळता नव्हता. मला थोडं वाईट वाटलं. उकळता नव्हता, याचं.

वहिनींनी पत्त्याची घडी मोडली आणि तो लाल हात भाऊजीच्या नाकासमोर धरला. मग तोंड उघडलं. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

“मेल्या!”

स्वच्छ, ठणठणीत. ताईला हसू आवरेना. “शिव्या मेंदूत वेगळ्या वाटेने येतात,” ती डोळे पुसत म्हणाली. “पुष्कळदा आधी त्याच सुटतात.”

पाहुणा जिना उतरताना म्हणाला, “बाई नाही म्हणतायत. मला नको तुमचं मशीन.”

आता दुकान उघडं असतं. वहिनी डाव्या हाताने कापड सरकवतात आणि उसवायची कामं भाऊजीकडे देतात. चुकला तर पुन्हा उसवायला लावतात. बाकीचे शब्दही एकेक करून येतायत. भाऊजीचं नाव मात्र येत नाही. ताई शिकवायला बसली की वहिनी खिडकीबाहेर बघतात आणि म्हणतात, “मेल्या.” मला वाटतं, नाव त्यांना केव्हाच आलंय.

मित्रांनो, माझं एक मागणं आहे. धमकी समजलात तरी चालेल. तुमच्या घरात कुणाची वाचा अडकली असेल, तर त्यांच्यासमोर बसा. एका वेळी एकच विचारा. मग उलटं विचारा आणि थांबा. तो वेळ त्यांचा आहे, तुमचा नाही. त्यांच्या वतीने हो म्हणू नका. आणि त्यांचा एकही पत्ता कशाखाली सारू नका.

त्या टेबलाचा पाय अजून आखूडच आहे. खाली काही सारायला वहिनींची परवानगी नाही. भाऊजी रोज एका गुडघ्याने टेबल धरून जेवतो. वहिनी सावकाश जेवतात. फारच सावकाश.