राणीनं दार अडवायचं

वॉशिंग्टनच्या त्या पोलीस चौकीबाहेर सकाळीच गर्दी जमली होती. गोरे होते, तसे चर्चमधले आपले काळेही होते. हल्डा कडेवरचं पोर छातीशी घट्ट धरून वाट काढत होती.

"आली धोबीण," शेजारच्या प्रूडन्सकाकू म्हणाल्या. "भावाला न्यायला आलीस, का बहिणीला?"

लोक हसले. हल्डानं मान वर केली नाही.

आत बाकावर तिचा धाकटा भाऊ झेनस बसला होता. एरवी बड्या घरची बग्गी हाकणारा, पण काल रात्री, पुरुष बायकांचे झगे घालून चोरून नाचतात त्या नाचात पकडला गेला तो गुलाबी झग्यात. झगा खांद्यापासून फाटला होता, ओठ सुजला होता.

"पळालेल्यांची नावं सांगितली की सोडतो," फौजदार म्हणाला. "नाहीतर असाच कोर्टात उभा करतो. मग तुरुंग."

"सांग की," हल्डा भावावर खेकसली. "तुला टाकून पळाले ना ते? मग त्यांचा पुळका कशाला? तुझा पगार गेला तर या पोराला काय घालू?"

"ताई, पोलीस आले की त्या रात्री नाचाची राणी झालेल्यानं दार अडवायचं आणि बाकीच्यांनी मागून निघायचं, हे ठरलेलंच असतं. गेल्या खेपेला दुसरा राणी होता. तेव्हा मीच पळालो होतो."

"मोठी आली राणी."

फौजदार तिच्याकडे वळला. "हे झगे धुवायला तुझ्याकडेच येतात म्हणे. मग तूच सांग."

कुठला झगा कुणाचा, हे हल्डाला ठाऊक होतं. निळा झगा प्रूडन्सकाकूंच्या मुलाचा, एल्बर्टचा. बाहेर ती बाई दात काढत उभी होती. एक नाव पुरे होतं. ते जिभेवर आलंही.

पण एल्बर्टलाही याच बाकावर बसवतील, त्याचाही ओठ असाच फोडतील.

"मी कपडे धुते, साहेब. घालणाऱ्यांच्या चौकशा करत नाही."

"मग उद्यापासून कोण तुला कपडे देतं, बघतोच."

झेनसला रस्त्यापलीकडच्या कोर्टाकडे चालवलं. गर्दीतून चिखलाचा गोळा आला, त्याच्या पाठीवर फुटला. हल्डा मागोमाग निघाली. झग्याचा घोळ चिखलात लोळत होता. तिनं पोर दुसऱ्या कडेवर घेतलं आणि मोकळ्या हातानं तो घोळ उचलून धरला.

"ताई..."

"बोलू नकोस माझ्याशी," ती म्हणाली. "सरळ चाल."