फेलेतीने गिळलेला निरोप

“पुन्हा रक्त गेलं की लगेच ये, असं तुला कुणीच सांगितलं नाही?” सेइनी नर्सने विचारलं.

लुपेने नकारार्थी मान हलवली. “गोळ्या घे, देव बघेल, एवढंच सांगितलं. मला वाटलं, गोळ्यांनी पोट साफ होतंय.”

“कोण म्हणालं असं?”

“फेलेती.”

सेइनीने कपाळावर हात मारला. तीही लुपेसारखी टोंगाचीच, आणि टोंगात भावाने बहिणीपुढे शरीराचं काही बोलायचं नसतं; पुढचं तिला विचारावं लागलं नाही. गेल्या खेपेला लुपेचा नवरा कामावर होता, म्हणून धाकटा भाऊ फेलेती तिला घेऊन आला. ऑकलंडच्या त्या दवाखान्यात दुभाषी मिळेना, तेव्हा गोऱ्या डॉक्टरने त्यालाच मध्ये घातलं. बहिणीच्या खोलीत कधी पाऊल न टाकणारा, ती शेजारी असताना टीव्हीवर कुणी मिठी मारली तरी उठून जाणारा भाऊ तो. गर्भाशय, रक्तस्राव हे शब्द तिच्यासमोर उच्चारणार? जीभ झडली असती त्याची. भिंतीकडे बघत, जेवढं तोंडातून निघालं तेवढं त्याने सांगितलं.

“आता मी सांगते.” सेइनी खुर्ची ओढून बसली. “गर्भाशयाच्या अस्तराला दोन निरोप येतात. एक म्हणतो वाढ, दुसरा म्हणतो पुरे. वाढ म्हणणारा चरबीतूनही येतो, आणि आपण काय काटक्या आहोत?”

लुपे एवढ्यातही हसली.

“पुरे म्हणणारा अंडं सुटलं तरच येतो. तुझं महिनोन्‌महिने सुटलंच नाही. नुसतं वाढ वाढ ऐकून पेशी सोकावल्या, त्यांच्या आतला ब्रेकच मोडला. गोळ्या म्हणजे तो पुरेचा निरोप होता. तुझ्या पेशींनी तो ऐकला नाही. रक्त त्याचीच खूण होती.”

“मग दुसऱ्या गोळ्या द्या.”

“आता तो कॅन्सर झालाय, गर्भाशयाच्या स्नायूत उतरलाय, बाई. गर्भाशय काढावं लागेल.”

“लवकर आले असते तर?”

“कदाचित वाचलं असतं. नक्की कोण सांगणार?”

लुपेला मूल हवं होतं. दुसरं काही तिने कधी मागितलंच नव्हतं. वृद्धाश्रमात ती कपडे धुते. कुणाच्या नातवाचं झबलं चुकून धुण्यात आलं, तर त्याची घडी ती सगळ्यात शेवटी घालते. तेवढंच जरा जास्त वेळ हातात राहतं.

संध्याकाळी फेलेती आला आणि बाहेर पायरीवरच बसला. लुपे दारात उभी राहिली. स्वतःच्या पायांकडे बघत तो म्हणाला,

“ताई, विकाचे दिवस भरत आलेत. तू म्हणशील तर मूल तुझं.”

टोंगात बहिणीने भावाचं मूल मागितलं तर त्याने नाही म्हणायचं नसतं. इथे तर तो बायकोच्या पोटातलं मूल आपणहून देत होता. लुपेच्या घशाशी ‘हो’ आलं.

“विका रडली का?”

फेलेती चपलेचा पट्टा नीट करू लागला.

“तिच्याकडेच राहू दे,” लुपे म्हणाली. “नाव तेवढं मी ठेवीन.”

“तो तर तुझाच मान आहे.”

लग्न झाल्यापासून न झालेल्या लेकीला मनातल्या मनात ज्या नावाने ती हाक मारत आली होती, ते आज पहिल्यांदा तिने मोठ्याने उच्चारलं. “मुलगी झाली तर सियाले.”

“छान आहे. आत्ताच सुचलं?”

“आत्ताच,” लुपे म्हणाली.