चार नंबरच्या खाटेचा तक्ता

यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. तरी त्या दाराकडे एकदा बघून घ्या. एवढा सहा खाटांचा वॉर्ड, औषधांचं कपाट, आणि दाराला बाहेरून कडी नाही, कोयंडा नाही, साधा खिळासुद्धा नाही. हे दार एका नर्सनं एकसष्ट शनिवार उघडं ठेवलं, मिशन चालवणाऱ्या अख्ख्या मंडळाच्या नाकावर टिच्चून. हाताशी शस्त्रं काय, तर एक गळू, तीन दिवसांची उचकी आणि कानात गेलेला वाटाणा. पायाला प्लास्टर घालून पडलेल्या त्या शिक्षिकाबाईंनी आत्ताच भुवई चढवली. चढवू द्या. पाय हलत नाही तोवर भुवईला तरी व्यायाम.

मिशनचं आवार तेव्हाही असंच होतं. या टोकाला चॅपल, त्या टोकाला शाळा, मधे स्वयंपाकघर आणि हा वॉर्ड. वॉर्ड बांधला थोरल्या डॉक्टरीणबाईंनी. जरा सणकी असाव्यात. दाराच्या चौकटीवर त्यांनी दगडात कोरून घेतलं, ‘जोवर एका तरी खाटेवर आजारी माणूस आहे, तोवर या दाराला कुलूप नाही.’ सुतार कोयंडा घेऊन आला, त्याला कोयंड्यासकट परत पाठवलं. आणि मिशनच्या नियमांतही तेच वाक्य जसंच्या तसं घातलं. मागून येणारे शहाणे कसे असतात, हे त्यांना ठाऊक असणार.

त्यांच्या मागून बत्तीस वर्षं वॉर्ड सांभाळला तो बाईंनी. त्यांना नाव होतं, पण ते हजेरीपुरतं. गावाला ‘बाई’ म्हटलं की एकच. अंगानं चिमणीएवढ्या, आवाज असा की चॅपलची घंटा दुरुस्तीला गेली तर कुणाचं अडू नये. सकाळी सुया उकळायच्या, चादरींचे कोपरे काटकोनात दुमडायचे, आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत एकेकाची नाडी मोजायची. मोजलं की लगेच खाटेच्या पायथ्याला टांगलेल्या तक्त्यात लिहायचं. ताप, नाडी, वजन. तो तक्ता बाईंचा देव नव्हता, पण देवाच्या शेजारीच त्याची खुर्ची होती.

एकदा एका म्हातारीचा ताप उतरेना. तिचा मुलगा हात जोडून म्हणाला, “बाई, आई रोज तक्ता वाचायला लावते. नव्याण्णव लिहा ना, तिला धीर येईल.”

“तोंडानं हवं ते सांगते,” बाई म्हणाल्या. “नव्याण्णव सांगते, अठ्ठ्याण्णव सांगते, उद्या नाचशील म्हणून सांगते. लिहिणार मात्र एकशे तीन.”

आणि तसंच केलं. तोंडानं बाई बेधडक थापा मारत. तक्त्यात कधी नाही. हे नीट लक्षात ठेवा.

तर एका शनिवारी सकाळी दारात जीप उभी राहिली आणि मंडळाचे साहेब उतरले. हातात बॅग. बाई तेव्हा एका कुंभाराच्या पायाची पट्टी बदलत होत्या.

“सिस्टर, शहरात आपलं मोठं हॉस्पिटल झालंय,” साहेब म्हणाले. “इथल्या सहा खाटांसाठी एवढा खटाटोप कशाला? ठराव झालाय. या वॉर्डचं कोठार करायचं.”

“आणि अडलेली बाई?”

“शहरात आणायची.”

“चाळीस किलोमीटर? पोटातलं पोर तुमच्या बसचं वेळापत्रक बघून निघणार का?”

साहेब वाद घालायला आले नव्हते. त्यांनी बॅगेतून कुलूप काढलं. कुलूप केवढं, तर म्हशीच्या गळ्यात बांधलं असतं तर म्हैस खाली बसली असती. बाईंनी पट्टीची गाठ मारली आणि मान वर न करता म्हणाल्या, “साहेब, चौकटीवरचं वाचून घ्या.”

साहेबांनी वाचलं. मनातल्या मनात नियम आठवून पाहिला. मग कुंभाराकडे बोट केलं. “हा कधी घरी जाणार?”

“गुरुवारी.”

“मग मी शनिवारी येतो. खाटा रिकाम्या दिसल्या की कोयंडा ठोकायचा.”

“या की. चहा घेऊन जा.”

जीप गेली आणि स्वयंपाकघरात सभा भरली. सभा म्हणजे बाई, मिशनचे पाळक, स्वयंपाकीण मावशी आणि माळी. माळी तेव्हा ऐन तारुण्यात होता आणि दिसायला देखणा होता. कुणालाही विचारा.

“त्यात काय एवढं?” मावशी कणीक मळता मळता म्हणाली. “मी पडते जाऊन. पोटात दुखतंय म्हणते.”

“दुखतंय का?”

“छे!”

“मग तक्त्यात काय लिहू?”

“लिहा काहीतरी!”

“मावशी, काहीतरी लिहायला तो निवडणुकीचा जाहीरनामा नाही. आजार लहान चालेल. खरा पाहिजे.”

“ऐका हो! आता काय देवाकडे ताप मागायचा?”

“मागून बघतो,” पाळक गंभीरपणे म्हणाले. “पण आजवर लोकांचे ताप घालवायचीच प्रार्थना केलीय. उलट्या दिशेचा सराव नाही.”

पण देव ऐकतो म्हणतात ते खोटं नाही. गुरुवारी कुंभार घरी गेला आणि शुक्रवारी पोस्टमनच्या पाठीवर गळू आलं. गळू कसलं, दुसरं डोकंच. शेजारच्या गावातून माणसं बघायला आली. ते पिकून फुटेपर्यंत दोन शनिवार निघाले. मग पाळकांनाच उचकी लागली ती तीन दिवस. रविवारचं प्रवचन त्यांनी खाटेवरूनच दिलं, आणि नेमकी ‘पाप’ म्हटलं की उचकी यायची, त्यामुळे तेवढा शब्द गावाच्या चांगलाच लक्षात राहिला. शाळेतल्या कारकुनानं कानात वाटाणा घालून घेतला. का, ते त्यालाही सांगता आलं नाही.

माळी दोन तास टाकीतल्या गार पाण्यात बसला, सर्दी व्हावी म्हणून. सर्दी झाली नाही, भूक तेवढी वाढली. शेवटी तो आवाराच्या कडेला गेला आणि डोळे मिटून निवडुंगावर बसला.

बाईंनी चिमट्यानं एकेक काटा काढला आणि मोजला. “सत्तावीस.”

“बाई, तीस लिहा. जरा भारदस्त वाटेल.”

“अठ्ठावीससुद्धा लिहिणार नाही. पालथा हो. आणि पुन्हा असला गाढवपणा केलास तर मीच तुला शहरात पाठवीन.”

दर शनिवारी दहाच्या ठोक्याला जीप यायची. साहेब पायरीवर बूट आपटायचे, तक्ते वाचायचे, ओठ आवळायचे आणि जायचे. त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण तक्त्यात चूक सापडेना. एकोणिसाव्या शनिवारी आले तेव्हा पडद्याआड लोहाराची सून अडली होती, पोर पायाळू. बाईंनी पडद्यातूनच आवाज दिला, “कोण आहे ते? साहेब? उभे काय राहिलात, गरम पाण्याची बादली आणा!” आणि साहेबांनी आणली, दोनदा आणली, बुटांवर सांडली. पोर रडलं तेव्हा साहेब रिकामी बादली धरून पडद्याबाहेर उभे होते. त्या दिवशी त्यांनी तक्ते वाचले नाहीत. चहा मात्र दोन कप घेतला.

“आता तरी सोडतील का हो नाद?” मावशीनं विचारलं.

“माणूस सोडेल, मंडळ सोडणार नाही,” बाई म्हणाल्या. “मंडळाला बादली उचलावी लागत नाही.”

म्हणाल्या तसंच झालं. साहेब येत राहिले, कुलूपही येत राहिलं.

या सगळ्यात एक बारीकशी गोष्ट होती, अगदीच किरकोळ. बाईंचं घड्याळ मनगटावरून घसरायला लागलं. नाडी मोजताना ते कोपराकडे जायचं. बाई माळ्याकडे आल्या, “आरी आहे ना तुझ्याकडे? पट्ट्याला एक भोक पाड.” त्यानं पाडलं. तीन महिन्यांनी आणखी एक. पावसाळा संपता संपता तिसरं.

“बाई, जेवत नाही का तुम्ही?”

“चामडं सैलावतं रे जुनं झालं की. भोक पाड, अक्कल पाजळू नकोस.”

चामडं सैलावतं, हे खरंच आहे. वॉर्डमधून जाता जाता बाई भिंतीला हात टेकून उभ्या राहायच्या, तेही भिंत सरळ आहे की नाही हे बघायला. दुसरं काय असणार?

आणि मग आला एकसष्टावा शनिवार. कापणीचे दिवस होते, आणि गाव निर्लज्जपणे ठणठणीत होतं. कुणाला शिंक येईना. मावशीनं बोट चुलीजवळ नेलं, तर बाईंनी हातावर चापट मारली. पाळकांनी रात्रभर गुडघे टेकले, सकाळी उठले तर गुडघेसुद्धा दुखेनात. पोस्टमननं पाठ चाचपून पाहिली. माळी निवडुंगाकडे निघाला, त्याला बाईंनी दंडाला धरून परत आणलं.

“पुरे झालं तुमचं,” त्या म्हणाल्या. “आज मी बघते.”

त्यांनी सुया उकळल्या. वॉर्ड झाडून घेतला. चार नंबरच्या खाटेवर धुतलेली चादर घातली, कोपरे काटकोनात दुमडले. केस विंचरले. कपाटातून घड्या घातलेला एक तक्ता काढला आणि खाटेच्या पायथ्याला टांगला. मग चपला जोडीनं खाली ठेवून खाटेवर आडव्या झाल्या आणि चादर छातीपर्यंत ओढून घेतली.

दहाला बूट आपटले. साहेब आत आले. पाच खाटा रिकाम्या बघून त्यांचा चेहरा आधी खुलला, मग चौथीकडे नजर गेली.

“सिस्टर, हा काय पोरखेळ?”

“मी आजारी आहे.”

“तुम्ही इथल्या कर्मचारी आहात!”

“दगडावर ‘आजारी माणूस’ लिहिलंय, साहेब. कर्मचारी तुमच्या मंडळात माणसात धरत नसतील, थोरल्या बाई धरत होत्या.”

दारात मावशी पदर तोंडात कोंबून हसू दाबत होती. माळी तिच्यामागे. साहेब तरातरा पायथ्याशी गेले आणि तक्ता ओढून काढला. सगळ्यांना वाटलं, आता सापडलं याला खोटं. त्यांनी पहिली ओळ वाचली. मग चष्मा लावला. मग तक्ता खिडकीपाशी नेऊन वाचायला लागले. एका दिवसाचा तक्ता नव्हता तो. चौदा महिन्यांचा होता. दर शनिवारची एक ओळ. संध्याकाळचा ताप. नाडी. आणि वजन, दर ओळीला थोडं कमी. अक्षर सगळीकडे सारखं, वळणदार. एका ओळीपुढे फक्त, ‘बादलीच्या दिवशी बरं वाटलं.’

साहेब बराच वेळ वाचत राहिले.

“हे कुणाला सांगितलंत?” त्यांनी हळूच विचारलं.

“तुम्हाला. दर शनिवारी विचारायला येत होतात ना? खाट रिकामी नाही, एवढं लिहून घ्या. आणि पुढच्या शनिवारीही नसेल. त्याच्या पुढच्याही. मी हट्टी आहे.”

“शहरात चला. माझी जीप आहे.”

“आणि इथं कोण झोपेल? चहा घेणार का?”

साहेबांनी चहा घेतला नाही. तक्ता पूर्वीसारखा टांगला, सरळ आहे की नाही ते दोनदा बघितलं. बॅग उघडली, ते कुलूप काढलं आणि खाटेशेजारच्या टेबलावर ठेवलं. किल्लीसकट. मग बूट न वाजवता बाहेर गेले. त्यांच्यानंतर मंडळाकडून कुणी कुलूप घेऊन आलं नाही. त्यांनी तिकडे जाऊन काय सांगितलं, काय फाडलं, देव जाणे. ते कुलूप अजून तिथंच आहे बघा, आताच्या सिस्टर तक्त्यांवर वजन म्हणून ठेवतात. वाऱ्यानं कागद उडत नाहीत.

साहेब कसले फसले! जीप वळणाआड गेली आणि मावशीनं विचारलं, “बाई, काय हो लिहिलं होतंत त्यात?” तर बाई उशीवरून म्हणाल्या, “नाटक गं. एवढ्या दिवसांत एक तरी नाटक नको का आपलं?” आणि त्या उठल्या, चपला घातल्या, दोन कप चहा प्यायल्या, माळ्याला नाही नाही ते बोलल्या. पुढं वजन असं वाढलं की घड्याळाचा पट्टा नवा घ्यावा लागला. वीस वर्षं जगल्या चांगल्या, आणि मग भावाकडे राहायला गेल्या, फार लांब, म्हणून पत्र येत नाही. एवढंच. सगळं नाटक होतं. आजारबिजार काही—

“खोटं!” प्लास्टरवाल्या शिक्षिकाबाई उठूनच बसल्या. “साफ खोटं, माळीआजोबा. बाई तक्त्यात खोटं लिहीत नव्हत्या. तुम्हीच म्हणालात, नीट लक्षात ठेवा.”