‘लेट’चं वाक्य

डोंगरातल्या कोचकोर गावाजवळच्या आपल्या घरात सायराकानने पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्या आणि तेव्हापासून तिला इंग्रजीवाचून अडायला लागलं. सोन-कोलच्या तळ्याकडे घोड्यावरून जाणारे परदेशी एक रात्र तिच्याकडे उतरत. जेवणखाण, अंथरूण-पांघरूण सगळं चोख. पण बोलणं म्हणजे नुसते हातवारे. एकदा ‘नाश्त्याला अंडी चालतील का’ हे विचारायला तिने दोन्ही कोपरं हलवत कोंबडीसारखा आवाज काढला. पाहुणे घाबरून माना हलवायला लागले. बिचारे शाकाहारी होते. पाहुणे गेल्यावर तिने सुनेला फर्मान सोडलं, “आयझिरेक, मला शिकव. गावातली शेंबडी पोरं शिकतात तुझ्याकडे, मी काय दगड आहे?”

आयझिरेक गावच्या शाळेत इंग्रजीच शिकवायची. नवरा, म्हणजे सायराकानचा मिरबेक, रशियात बांधकामावर. घरात सासू-सून दोघीच. सून बोलायची हळू आणि कामाला वाऱ्यासारखी. शाळेतून आली की एकीकडे कणीक मळायची आणि दुसरीकडे सासूचा धडा घ्यायची.

पाहुण्यांचा हंगाम सरत आला तेव्हा धडा एका अवघड वळणावर पोचला होता.

“आपा, एकाने दुसऱ्याला काही करायला लावायचं असेल ना, तर आधी आपलं क्रियापद, मग तो माणूस, मग त्याचं क्रियापद. मेक हर वेट. तिला थांबायला लाव. लेट हर गो. तिला जाऊ दे. पण ‘वाँट’ आलं की मध्ये ‘टू’ घालायचा. वाँट हर टू कम.”

“आणि तो ‘टू’ इथेच का तडमडतो? बाकीच्यांना का नको?”

“रीतच आहे तशी.”

“रीत आहे म्हटल्यावर संपलं. सुनेला तरी कुठे कारणं सांगतात?” सायराकान खदखदून हसली आणि बाह्या सारून वाक्यं करायला बसली. “आय मेक हर ब्रिंग वॉटर. आय मेक हर मिल्क द काऊ. आय मेक हर कुक.”

“बरोबर, आपा. एकही चूक नाही,” आयझिरेक म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती. “आता ‘लेट’ घालून एक सांगा.”

सायराकानने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. कुणाला काय करू दिलं बरं आपण? बराच वेळ शोधून ती म्हणाली, “आय लेट द डॉग स्लीप.”

दोघी हसल्या. पण सायराकानचं हसू अर्ध्यावर अडकलं. ते झाकायला ती म्हणाली, “बरं, आता तू सांग एक.”

आयझिरेकने कणकेवरची नजर उचलली नाही. “दे वाँट मी टू कम टु बिश्केक.”

“हे ‘दे’ म्हणजे कोण?”

“उदाहरण आहे, आपा.”

“उदाहरण देताना कान असे लाल होत नाहीत, पोरी.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बिश्केकमधल्या तिच्या जुन्या बाईंचा फोन आला होता. हिवाळाभर शिक्षकांसाठी प्रशिक्षण होतं, राहायची सोयही होती, आणि हिचं नाव निवडलं गेलं होतं. मिरबेकने हात झटकले होते: आपाला विचार. विचारायचा धीर हिला झाला नव्हता.

“मी ‘नाही’ असंच कळवणार आहे,” ती घाईघाईने म्हणाली. “तुमचे गुडघे असे, गाय आहे, मेंढरं आहेत. ऐन थंडीत तुम्हाला टाकून कुठे जाऊ?”

 रात्री सायराकान कूस बदलत राहिली. सुनेला पाठवायचं म्हणजे घराचा खांबच काढून द्यायचा.

दुसऱ्या दिवशी आयझिरेक शाळेत असताना घरात एवा नावाची पोलंडची बाई उतरलेली होती. जेवणं झाली, भांड्यांचा ढीग पडला आणि सायराकान कुरकुरत्या गुडघ्यांनिशी टपासमोर बसली. एवा बाहेर आली, बाह्या वर केल्या आणि म्हणाली, “लेट मी हेल्प यू वॉश.”

एकाच वाक्यात दोन गाठी! आणि सायराकानला दोन्ही सुटल्या. मला मदत करू द्या. तुम्हाला धुवायला मदत. “लेट मी हेल्प यू वॉश!” ती आनंदाने ओरडली, इतकी की एवाच्या हातातली ताटली सुटता सुटता राहिली.

पण पाण्यात हात घालून बसल्यावर तिच्या मनात आलं, की हे वाक्य आयझिरेकने आपल्याला कधीच म्हटलं नाही. ती सरळ हातातलं पातेलं काढून घेते. गुडघा निखळला त्या हिवाळ्यात तिने पाठीवर घेऊन शौचाला नेलं, केस धुतले, आणि बाहेर कुणापाशी चकार शब्द काढला नाही. आपण तिला एकदा तरी ‘रहमत’ म्हणालो का? घरच्या माणसाचे आभार कोण मानतं, म्हणून राहिलंच ते.

संध्याकाळी शेजारीण कालिचा चहाला आली. तिला वास लागलेलाच होता. कपात साखर विरघळण्याआधी ती म्हणाली, “सून शहरात चालली म्हणतात? पाठवशील आणि बोंबलत बसशील. शहर गिळतं सुनांना.”

समोवारपाशी आयझिरेक मान खाली घालून चहा ओतत होती. सायराकानने कप खाली ठेवला. कालिचाला कळू नये म्हणून, आणि आपल्या भाषेत हे तोंडातून निघणार नाही म्हणूनही, ती इंग्रजीत म्हणाली,

“आयझिरेक. आय वाँट यू गो.”

“टू, आपा,” सुनेतली मास्तरीण सवयीने बोलून गेली. “वाँट यू टू गो.” आणि मग आपण काय दुरुस्त केलं ते तिच्या ध्यानात आलं. चहा कप भरून बशीत सांडायला लागला.

“काय गं, काय म्हणालीस?” कालिचा पुढे सरसावली. “हाकललीस की काय?”

“हो. बिश्केकला.”

“आणि नाही आली परत, तर?”

“तर जाऊन आणीन. रस्ता विचारण्यापुरतं इंग्रजी येतं आता मला.”

“बिश्केकमध्ये इंग्रजीत रस्ता विचारणार ही!” कालिचा कपाळावर हात मारून म्हणाली. आयझिरेक हसत होती आणि ओढणीच्या टोकाने डोळे पुसत होती.

तिला शेअर गाडीत बसवायच्या आधी सायराकानने दोन्ही तळवे उघडून दुवा दिली. नेहमीचे शब्द झाल्यावर पुढे सुचेना, तेव्हा नुसतंच “जेवत जा” म्हणाली आणि तळवे चेहऱ्यावरून फिरवले.

हिवाळा सोपा गेला नाही. गाय सुनेच्या हाताची. सायराकानला लाथ मारायची. एका सकाळी बर्फातून कालिचाच बादली घेऊन हजर झाली. “ऊठ गं बये, होईना तुझ्याच्याने,” असं म्हणत गायीखाली बसली, आणि मग रोजच यायला लागली. तोंड चालू, हातही चालू. इतकी वर्षं जिच्या टोमण्यांना आपण वैतागत होतो ती अशी निघाली, म्हणून सायराकानला जीव सुपाएवढा झाल्यासारखं वाटायचं. अंधार पडता पडता आयझिरेकचा फोन यायचा. जेवलात का, गुडघा कसा, आणि मग एक नवं वाक्य.

नोरूझ हा वसंताचा सण जवळ आला तरी रस्त्यावर बर्फ होतं. बिश्केकहून येणारी गाडी खोळंबली होती. सायराकान रस्त्यावर उभी होती. थांबता थांबता तिने एक वाक्य पाठ केलं होतं: यू हेल्प मी स्पीक. तू मला बोलायला मदत केलीस. आयझिरेकला ऐकवायचं, चुका काढू द्यायच्या.

गाडी आली. आयझिरेक उतरली, गाल भरलेले, खांद्याला पुस्तकांची पिशवी. पुढच्या गावातल्या शाळेत मोठ्या वर्गांना शिकवायचं बोलावणं तिला आलं होतं. ते ती उतरता उतरताच सांगायला लागली. सायराकानने वाक्यासाठी तोंड उघडलं आणि आधी क्रियापद की आधी माणूस, सगळंच विसरून गेली. तिने सुनेची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली.

“रहमत, पोरी,” ती म्हणाली.

आयझिरेक थबकली. “कशाबद्दल, आपा?”

“सगळ्याबद्दल.”