बोळक्या तोंडाची व्हॅम्पायर

आवडत्या कादंबरीवरचा सिनेमा बघताना कवळ्या बनवणाऱ्या कारागिराला मध्यंतरापर्यंतच शिसारी आली. कादंबरीतली व्हॅम्पायर सत्तरीची, तोंडाचं पार बोळकं झालेली; बिचारी वाटीतलं रक्त चमच्याने प्यायची. सिनेमात तिची पंचविशीतली नटवी केली होती, आणि सुळे तर त्याच्या दुकानाच्या काचेत मांडलेल्या नमुन्यांसारखे चकचकीत.

"पार वाट लावली पुस्तकाची," दिवे लागताच तो करवादला.

शेजारी बसलेल्या ताईनेच त्याला ती कादंबरी दिली होती. त्याने कवळीचं नाव काढलं की, "त्या म्हातारीचं काही अडतं का?" म्हणत ती बोळक्या तोंडाने खदखदून हसायची.

आता तिने तोंडावर रुमाल धरला होता.

"उद्या माझं माप घे," ती रुमालाआडून म्हणाली.