दोन वाजेपर्यंत

मी तंबू बोलतोय. जाड सुती कापडाचा, दोन काठ्यांवर उभा राहणारा, आत दोन पोरं कशीबशी मावतील एवढाच. छत नारिंगी आहे आणि भिंती एके काळी निळ्या होत्या. फार बोलायची मला सवय नाही. आयुष्याचा बराचसा भाग माझी घडी घातलेली होती, आणि घडीत असताना कोण बोलणार?

माझा जन्म फ्रान्सच्या उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. मला शिवणारी बाई शेवटच्या टाक्यापर्यंत शेजारणीला नवऱ्याच्या दातदुखीची कथा सांगत होती. तो दात पुढे निघाला की राहिला, हे मला कळलं नाही. ब्रिटनीतल्या पाँतिव्ही गावच्या एका सुतारानं मला आपल्या दोन मुलांसाठी विकत घेतलं. मोठा इव्हों आणि त्याची धाकटी बहीण आर्मेल. आईबाप शेजारच्या मोठ्या तंबूत झोपत आणि ही दोघं माझ्यात.

दर ऑगस्टला आम्ही समुद्राकाठी जायचो. माझ्यात एक खोड आहे. पाऊस चालू असताना आतून कापडाला बोट लावलं, की नेमकं तिथूनच पाणी झिरपायला लागतं. इव्होंला हा शोध लागला त्या दिवसापासून आर्मेलची उशी कोरडी म्हणून राहिली नाही.

"आई, बघ ना हा काय करतोय!"

"मी कुठं काय केलंय? तंबूच रडका आहे."

पोरांच्या भांडणात कापडाची साक्ष कोणी काढत नाही, म्हणून मी गप्प राहिलो.

त्यांची आई मोठी शिस्तीची होती. पाव मेजावर पालथा ठेवायचा नाही, कोपर टेकायचं नाही, आणि बारा ते दोन कुणाच्या दारात जायचं नाही. "लोक जेवत असतात," ती म्हणायची, "जेवत्या माणसाला उठवणं म्हणजे त्याच्या तोंडचा घास काढणं." चेंडू शेजाऱ्यांच्या तंबूमागं गेला, तर पोरं दोन वाजेपर्यंत तिथंच कुंपणाला टेकून उभी राहायची. समोर चेंडू दिसत असायचा. शेजारी चीज खात असायचे. कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. तिथली रीतच ती.

पोरं मोठी झाली आणि मी माळ्यावर गेलो. माळ्यावर फार काही घडत नाही. इव्हों लग्न करून दक्षिणेला, डोंगरातल्या कोंबरॉल नावाच्या गावी गेला. आर्मेल पाँतिव्हीतच राहिली, नोकरी केली, लग्न केलं नाही, आणि म्हाताऱ्या आईचं सगळं केलं. आई गेली तेव्हा इव्हों आला. तिला पुरलं आणि मंडळी जेवायला घरी आली. इव्हों मात्र उंबऱ्यातूनच मागं फिरला आणि गाडीत बसून निघून गेला. त्याचं ताट तसंच राहिलं. त्या संध्याकाळी जिन्यात आर्मेल कुणाला तरी म्हणाली, "आईच्या नावाचं जेवण टाकून जाणाऱ्याला माझ्या दारात जागा नाही." ते मला माळ्यावर ऐकू आलं. त्यानंतर बहीणभावात बोलणं नव्हतं, अगदी नाताळलासुद्धा नाही.

मग एका जूनमध्ये तिनं मला खाली काढलं. ती पासष्टीच्या आसपास पोचली होती. मला झटकलं, वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि छोट्या गाडीच्या डिकीत टाकलं. सोबत एक खुर्ची, एक पातेलं आणि शेगडी. कारण मला वाटेत कळलं. इव्होंच्या बायकोचा, जोझेतचा, फोन आला होता. इव्होंच्या पोटात गाठ होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते.

पाँतिव्ही ते कोंबरॉल हा हमरस्त्यानं एका दिवसाचा प्रवास आहे. आर्मेलनं हमरस्ता घेतला नाही. ती गव्हाच्या शेतांमधून, झाडांच्या रांगांमधून, जिथं समोरून ट्रॅक्टर आला तर मागं जावं लागतं अशा रस्त्यांनी निघाली. दुपारी कुठल्यातरी गावातल्या पालिकेच्या मैदानावर मला उभं करायचं, सकाळी पाडायचं. ती कुठं काही बघायची नाही. किल्ला आला तर किल्ल्याकडे पाठ करून टमाटे चिरायची. मी उभा राहायचो. मलाही काही वाटत नव्हतं. आम्ही दोघं एकमेकांना बरे होतो.

क्रझ भागातल्या एका तळ्याकाठी शेजारच्या कॅराव्हॅनमधला एक गृहस्थ हातोडी घेऊन धावत आला. ओस्कार त्याचं नाव. त्याची बायको लिलियान मागोमाग आली.

"बाई, खुंटी अशी ठोकतात होय? तिरकी ठोका, तिरकी," ओस्कार म्हणाला.

"तुम्हाला विचारलंय का त्यांनी?" लिलियान म्हणाली. "मागच्या साली यांनी शेजाऱ्याच्या खुंट्या ठोकल्या आणि आमचाच तंबू उडाला. एकट्याच का हो तुम्ही?"

"एकटीच."

"मग या आमच्याकडे, जेवणाआधी घोटभर घ्यायला. कुठं निघालात?"

"भावाकडे, कोंबरॉलला. आजारी आहे."

ओस्कारचा हात हातोडीसकट थांबला. "कोंबरॉल? अहो, मग इथं काय करताय? आत्ता निघालात तर अंधार पडायच्या आत पोचाल."

"हो," आर्मेल म्हणाली.

"बोलू नका हो मध्ये," लिलियान नवऱ्याला म्हणाली. "ज्याचं त्याला कळतं." पण तिनं आर्मेलकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

आर्मेल त्यांच्याकडे गेली, ऑलिव्ह खाल्ले, हसायच्या जागी हसली. ती परत आली तेव्हा तिचा फोन वाजत होता. जोझेतचा आवाज मोठा, बाहेर ऐकू येणारा.

"कुठवर आलीस गं?"

"येतेय."

"परवाही तेच म्हणालीस. तो विचारतो रोज. सकाळी बरा असतो, बोलतो. इंजेक्शन दिलं की मग कुणाला ओळखत नाही. लवकर ये बाई, आता दिवस राहिले नाहीत."

"येतेय म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी तिनं गाडी दक्षिणेला न घेता पूर्वेला घेतली. मी डिकीत होतो, पण ऊन कोणत्या बाजूनं येतं ते कापडाला कळतंच. भ्यायली होती ती, दुसरं काही नाही. भाऊ मरेल याला नव्हे. तो डोळे उघडून बघेल आणि काय बोलायचं ते तिला सुचणार नाही, याला ती भ्यायली होती.

अखेर रस्ते संपले. कोंबरॉलला आम्ही पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. चर्चसमोर एक मोठं झाड, त्याखाली तिनं गाडी लावली. इव्होंचं घर समोरच, चढावर, फिकट हिरव्या झडपांचं. गावात चिटपाखरू नव्हतं. घराघरांतून काटेचमच्यांचे आवाज येत होते आणि कुठंतरी कांदा परतत होता.

आर्मेल गाडीतून उतरली, चार पावलं चालली आणि थांबली. मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मग परत आली, डिकी उघडली आणि माझ्या शेजारी कडेवर टेकून बसली.

"जेवत असतील," ती म्हणाली. मलाच म्हणाली असणार, दुसरं तिथं कुणी नव्हतं.

तिनं पाव काढला, सुकं सॉसेज कापलं आणि जेवली. सवयीनं सगळं नीट केलं, कचरासुद्धा पिशवीत भरला. मध्येच एक पांढरी गाडी चढावर गेली. एक नर्स उतरली, आर्मेलला मान हलवून आत गेली आणि थोड्या वेळानं निघून गेली. आर्मेल बसून राहिली. दोनचे टोले पडले तशी ती उठली, केस सारखे केले आणि दार वाजवायला गेली.

ती परत आली ती ऊन उतरल्यावर, जोझेतबरोबर. घरात झोपायला तिला नको होतं, म्हणून मला मागच्या बागेत, वालाच्या वेलांशेजारी उभं केलं. जोझेत ठेंगणी, हाताला माती लागलेली बाई. खुंटी ठोकता ठोकता ती मान वर न करता बोलत होती.

"तुझी गाडी त्यानं खिडकीतून पाहिली. नंबर वाचला, ब्रिटनीकडचा, म्हणाला, आली. मी म्हटलं, जाते, घेऊन येते. तर म्हणतो, थांब, जेवतेय ती. तिला उठवू नकोस. दोन वाजता येईल बघ, आईची लेक आहे."

आर्मेलच्या हातात माझी दोरी होती. ती तिनं सोडली नाही.

"सकाळी त्यानं इंजेक्शन घेतलं नव्हतं," जोझेत म्हणाली. "तू येशील म्हणून रोजच टाळायचा. दीड वाजता नर्स आली. तोवर दुखणं फार वाढलं होतं, तो उशी चावत होता. मी नर्सला म्हटलं, थोडं थांबा. ती म्हणाली, आता नाही थांबता येणार."

"मला हाक मारायची," आर्मेल म्हणाली. "जोझेत, मी समोर बसले होते. पाव खात होते."

"माहीत आहे. तो बघत होता."

जोझेतनं खुंटी ठोकली. मग म्हणाली, "आईच्या जेवणाला थांबला नाही म्हणून तू रागावलीस. त्याच्या घशाखाली घास उतरला नसता. इथवर येईस्तोवर रस्ताभर रडला तो. तुला सांग म्हटलं तर म्हणायचा, भेटलो की सांगेन."

इव्हों त्यानंतर शुद्धीवर आला नाही. आर्मेल दिवसभर त्याच्याजवळ बसायची आणि झोपायला माझ्यात यायची. ती रडली नाही. नुसती पाठीवर पडून माझ्या नारिंगी छताकडे बघायची. मला वाटलं होतं की ती रडेल, आणि रडली तर मी काय करू, याचा मी विचारही करून ठेवला होता. त्याची गरज पडली नाही.

त्याला पुरलं त्या दिवशी पाऊस होता. जेवणाला सगळं गाव होतं आणि आर्मेल शेवटपर्यंत बसली. दुसऱ्या सकाळी तिनं मला ओलंच गुंडाळलं आणि हमरस्त्यानं एका दिवसात घरी पोचली. सुती तंबू ओला गुंडाळू नये. तुमच्याकडे माझ्या जातीचा कुणी असेल, तर एवढं ऐका, त्याला आधी वाळू द्या.

माझ्यावर काळे डाग पडलेत. ते जायचे नाहीत, मी मनाला लावूनही घेत नाही. सध्या आर्मेलनं मला जेवणघरातल्या खुर्च्यांच्या पाठींवर पसरून ठेवलंय. एका खुर्चीवर ती बसते, बाकीच्या माझ्या. मला परत कुठं उभं करतील असं वाटत नाही. वास जरा येतो, सांभाळून घ्या.

आज ती सूप पीत होती. साडेबाराला फोन वाजला. आमच्या इकडे त्या वेळी कुणी कुणाला फोन करत नाही. आर्मेलचा चमचा तोंडापाशीच थांबला. मग तिनं फोन उचलला.

"जेवतेयस?" पलीकडून जोझेतचा मोठा आवाज आला.

"हो."

"माहीत होतं. म्हणूनच केला."

आर्मेलनं ताट थोडं बाजूला सारलं, माझ्या विटक्या निळ्या भिंतीत तोंड खुपसलं, आणि इतक्या दिवसांनी ती रडायला लागली. जोझेतनं फोन ठेवला नाही.