झाडावर झाड

शेवटचं बांडगूळ ओढताना त्याच्या पानांत साचलेलं पाणी पद्माकरांच्या मानेवरून थेट बनियनमध्ये उतरलं. शिडीवरच अंग चोरून ते हसले. खाली येऊन त्यांनी जॅकरंडाकडे मान वर करून पाहिलं. खोड, फांद्या, सगळं कसं स्वच्छ. हिरव्या झाकणाचा बिन काठोकाठ भरला होता आणि कचऱ्याची गाडी सकाळी येणार होती.

मुलीच्या, कादंबरीच्या, पदवीदानासाठी ते परदेशात, केलीव्हिलला आले होते. रत्नागिरीकडचे निवृत्त कृषी सहायक. आंब्याच्या बागा पालथ्या घालत त्यांनी उभी नोकरी एकच गोष्ट सांगितली होती : झाडावर झाड नको. बांडगूळ फांदीत मुळं घुसवून रस पितं. वीतभर खालून फांदीसकट तोडा, कापल्या जागी मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावा. त्यांच्या हद्दीत बांडगूळ औषधालाही सापडत नसे. नोकरीतलं सांगण्यासारखं त्यांच्याकडे एवढंच. कादंबरी ज्यांच्याकडे खोली घेऊन राहत होती, त्या जोसेफिनबाईंनी "भाऊ, हॉटेल कशाला? तीन महिने इथंच राहा," म्हणून त्यांनाही ठेवून घेतलं होतं. बाईंसाठी आज काहीतरी हातून झालं, म्हणून पद्माकर खूश होते.

तेवढ्यात घरची गाडी आली. नर्सिंग होममधली शिफ्ट संपवून, कादंबरीला स्टेशनवरून घेऊन जोसेफिनबाई परतल्या होत्या. झाडाकडे बघून त्या जागीच थबकल्या.

"भाऊ, वरचं सगळं कुठं गेलं?"

"काढलं! वसईच्या असून तुमचं लक्ष कसं गेलं नाही, बाई? केवढी बांडगुळं माजली होती!"

जोसेफिनबाईंनी बिनचं झाकण उघडलं. वाकून त्यांनी आत पाहिलं. "बांडगुळं नव्हती ती. ब्रोमेलियाड होते माझे."

"बाबा! अहो, काय केलंत हे!" कादंबरी ओरडली. "आंटी, आय ॲम सो सॉरी."

"तूच म्हणालीस ना, टीव्हीसमोर बसू नका, काहीतरी करा?"

"वॉकला जा म्हटलं होतं! झाड सोला नव्हतं म्हटलं."

"ओरडू नको गं त्यांना," बिनमधून एक रोप उचलत जोसेफिनबाई म्हणाल्या. "भाऊ, ह्यांची मुळं नुसती धरून बसायला असतात. झाडातला थेंब घेत नाहीत. पावसाचं पाणी पानांच्या वाटीत साठतं, त्यात पाचोळा कुजतो, तेच ह्यांचं जेवण. इथं आले तेव्हा हॉस्पिटलात सफाईचं काम करायचे. तिथं मागे फेकलेलं एक रोप उचलून आणलं होतं. फुललं की रोप मरतं, बाजूला पिल्लं ठेवून. ही सगळी त्या एकाचीच."

"मग आता मेली?"

"मुळं तुटलीत. नवी फुटून झाड धरलं तर जगतील. नाहीतर वाटी कलंडली, पाणी गेलं की संपलं. आणि इथला उन्हाळा तर आता, नाताळाच्या तोंडावर, सुरू होतोय."

पद्माकरांनी फांदीवरून बोट फिरवलं. सालीला कुठे जखम नव्हती. ओढताना ही इतकी सहज कशी सुटतात, असं एकदा मनात येऊन गेलं होतं. हात मात्र थांबला नव्हता.

जोसेफिनबाई आतून जुन्या स्टॉकिंग्जचा ढीग घेऊन आल्या. "इथं ह्यानंच बांधतात. ताणतं, पण काचत नाही."

पद्माकर पुन्हा शिडीवर चढले. कादंबरी एकेक रोप वर देत गेली. आंब्याची कलमं बांधलेला हात होता. गाठ घट्ट बसत होती आणि पान दुमडत नव्हतं.

"बाई," मध्येच ते म्हणाले, "आमच्याकडे आंब्यावर सीतेची वेणी यायची, रानातलं ऑर्किड. जांभळट गुच्छ लोंबायचे. बायका केसांत माळायच्या."

"छान दिसत असेल."

"मीच काढायला लावायचो. बांडगुळाबरोबर तीही."

कादंबरीने पुढचं रोप वर दिलं.

मग पदवीदान झालं, नाताळ झाला, जानेवारीची भाजणारी उन्हं आली. पद्माकर रोज सकाळी झारीने एकेक वाटी भरत. "ओढून बघू नका हं, भाऊ, कोवळी मुळं तुटतात," असं जोसेफिनबाईंनी बजावलं होतं, म्हणून झारी ठेवली की ते दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहत. शेजारी येता-जाता पायमोजे घातलेल्या झाडाकडे बघून हसत. पद्माकरही त्यांना हात करत. दोन-तीन रोपं करपली, ती जोसेफिनबाईंनी उतरवली. बाकीची हिरवी होती. पण झाडाने धरलेली, की नुसत्या गाठीने, ते बाहेरून कळत नव्हतं. संध्याकाळी तिघं झाडाखाली चहा घेत, आणि पद्माकरांची नजर कपातून वर जाई.

निघायच्या सकाळी बॅगा गाडीत ठेवल्यावर जोसेफिनबाईंनी कात्री पुढे केली.

"कापा आता."

"तुम्हीच कापा, बाई."

"बांधली कोणी?"

विमानासाठी घातलेल्या इस्त्रीच्या शर्टात ते शिडीवर चढले. डावा तळवा रोपाखाली धरला आणि उजव्या हाताने गाठ कापली. स्टॉकिंग सुटून गवतावर पडलं. रोप जागचं हललं नाही.

"बाबा, चला ना! फ्लाइट चुकेल."

"आलो, आलो."

तळवा मात्र त्यांनी तसाच खाली धरून ठेवला. अजून थोडा वेळ.